पाच नंबरच्या मशीनवरची सदाफुली

सदाफुली दर गुरुवारी स्वतःचं रक्त धुऊन घेते, अशी त्या हॉस्पिटलात कुजबुज होती.

म्हणजे कसं, तर तळघरातल्या डायलिसिसच्या खोलीतून शेवटचा पेशंट दुपारी साडेतीनला घरी गेला की ही दार लोटून घेते, पाच नंबरच्या खुर्चीवर आडवी होते, मशीनची नळी स्वतःला लावते आणि चाळीस मिनिटांनी दहा वर्षांनी लहान होऊन बाहेर येते. ऐकीव गोष्ट नव्हती ही. लिफ्टमनने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. त्या दाराला थाळीएवढी गोल काच होती, आणि लिफ्टमनचं नाक काचेला चिकटायला एरवीही फारसं कारण लागत नसे. खुर्चीवर बाई, बाईचे डोळे मिटलेले, मशीनचा हिरवा दिवा लागलेला, आणि मशीनमधून निघालेली नळी थेट बाईच्या खांद्यावरच्या टॉवेलखाली गेलेली. आणखी काय पुरावा हवा माणसाला?

बातमी पोहोचवावी तर लिफ्टमननेच. बाकीच्यांना जिने चढावे लागतात, याची बातमी बटण दाबलं की वर. पहिल्या मजल्यावर ती होती तशीच उतरली. दुसऱ्यावर बाईंनी त्यासाठी साहेबांना वश केल्याचं कळलं. तिसऱ्यावर दार उघडेपर्यंत त्या रक्तात एका पैलवानाचं रक्तही मिसळून झालं होतं.

आता ही सदाफुली कोण? तळघरातली डायलिसिसची टेक्निशियन. पेशंट तिला सिस्टर म्हणायचे आणि ती ओ द्यायची, कारण नर्स कोण आणि टेक्निशियन कोण हे एकतीस वर्षं समजावून तिचा घसा दुखला होता. सदाफुली हे पाठीमागचं नाव. वय अठ्ठावन्न पुरं, आणि नवीन माणूस बेचाळीसच्या वर बोली लावायचा नाही. केस रंगवायची, ते काही गुपित नव्हतं. कानामागे एक काळा ठिपका हमखास राहून जायचा. पण कातडीचं काय? गालावर सुरकुती नाही, कपाळावर आठी नाही. जी बाई एकतीस वर्षं सकाळी उजाडायच्या आत तळघरात शिरते आणि उन्हं कलल्यावर बाहेर पडते, तिची कातडी उन्हाने रापणार कशी, हा साधा विचार कुणी केला नाही. साध्या विचाराला लिफ्टमध्ये जागा नसते.

आतून ती दमलेली होती. खरं तर तिच्याबद्दल एवढंच सांगितलं असतं तरी पुरे झालं असतं, पण दमलेल्या बाईबद्दल कोण कुजबुजणार?

सहा वाजता पहिली पाळी. आठ खुर्च्या, आठ मशीन. प्रत्येक मशीनवर नवा फिल्टर चढवायचा, नळ्या जोडायच्या, मिठाचं पाणी फिरवून त्यातली हवा घालवायची. मग पेशंट काट्यावर उभे करायचे, कुणाच्या अंगात किती पाणी साठलंय ते बघायचं, हातात दोन दोन सुया घालायच्या. एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून गाळून आत. चार तास. मध्ये कुणाचं ब्लडप्रेशर उतरणार, कुणाच्या पिंडरीत गोळा येणार, कुणी नुसतंच छताकडे बघत बसणार. चार तासांनी सुया काढून दहा दहा मिनिटं कापूस दाबून धरायचा. की लगेच दुसरी पाळी. औषधाच्या पाण्याचे दहा दहा लिटरचे कॅन, दिवसाला सोळा, गोदामापासून मशीनपर्यंत हाताने. त्या कॅननी तिचा उजवा खांदा धरला होता. हात मागे जायचा नाही. वेणीसुद्धा घरी अक्का घालून द्यायची.

पेशंटांनीही कुजबुज ऐकली होतीच. तीन नंबरच्या खुर्चीवरचा म्हातारा शिंपी सुई टोचून घेताघेता म्हणायचा, "सिस्टर, तुमच्या मशीनला साबण वेगळा आहे का हो?"

"हात हलवू नका."

"नाही, विचारलं. माझं आठवड्यातून तीनदा धुता तुम्ही, सहा वर्षं झाली. या हिशेबाने मी एव्हाना पाळण्यात हवा होतो."

बाकीचे सात जण हसायचे. ती पण हसायची, एका बाजूने. शिंपी घरी गेल्यावर दिवसभर उठत नसे हे तिला ठाऊक होतं. गाळलेलं रक्त घेऊन माणूस जगतो, पण त्या दिवसापुरता पार पिळून निघतो. तिने शेकड्यांनी माणसं या खुर्च्यांवरून उठताना बघितली होती, आणि एकही तरुण होऊन उठला नव्हता.

मग तिने कुजबुजीला तिथल्या तिथे का तोडलं नाही? पाच नंबरच्या खुर्चीवर खरोखर काय चालायचं ते ओघाने कळेलच. तूर्त एवढंच, की अफवेने नुसती गंमत होत होती, आणि खऱ्याने नोकरीवर आलं असतं. शिवाय, आता खोटं कशाला बोला, बेचाळीसची दिसते म्हटल्यावर कुठल्या बाईला राग येतो?

त्यात तिसऱ्या मजल्यावर एक नवीन केंद्र निघालं. निरोगी वार्धक्याचं. काचेची दारं, पांढरे सोफे, कुंडीत खोटी झाडं. तिथेही मशीनच, पण खालच्यापेक्षा निराळं: रक्त बाहेर काढायचं, त्यातलं पिवळं पाणी वेगळं करून टाकून द्यायचं, त्याच्या जागी प्रथिनाचं नवं पाणी घालून रक्त परत आत सोडायचं. जुन्या पाण्याबरोबर म्हातारपणही निघून जाईल, अशी आशा. काही दुर्धर आजारांत या मशीनने माणसं वाचतात, हे तिने स्वतः बघितलं होतं. पण धडधाकट माणसाचं म्हातारपण? उंदरांवर काहीतरी दिसलंय, माणसांवर थोडेफार प्रयोग झालेत, कुणी हो म्हणतं, कुणी नाही. हे वरचा तरुण डॉक्टरही कबूल करायचा. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलंही होतं: फायद्याची हमी नाही. पण बारीक अक्षरं वाचायला चष्मा लागतो, आणि तिथे येणारे चष्मा लपवूनच यायचे.

एकदा हा डॉक्टर आपणहून तळघरात उतरला.

"बाई, रिटायर झालात की आमच्याकडे या. हलकं काम. दोन खुर्च्या, एका वेळी एक पेशंट. कॅन उचलायचे नाहीत."

"आणि करायचं काय?"

"सुया तर तुमच्यासारख्या कुणाला येत नाहीत. बाकी काय... अधूनमधून वेटिंग रूममधून चालत जायचं."

"चालत?"

डॉक्टर जरा लाजला. "लोक विचारतात हो तुमच्याबद्दल. वर येईपर्यंत लिफ्टमन सांगतो ना त्यांना."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं तिने. पण डॉक्टर 'कॅन उचलायचे नाहीत' म्हणाला होता ना, ते शब्द तिच्या खांद्याने ऐकले होते. "बघू," एवढंच म्हणाली.

घरी अक्का. थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेले, तेव्हा सतरा वर्षांची अक्का लाँड्रीत इस्त्रीला उभी राहिली आणि चौतीस वर्षं उभीच राहिली. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे झगे. त्या वाफेवर धाकटीचं शिक्षण झालं, टेक्निशियनचा कोर्स झाला. लग्नं दोघींचीही राहून गेली. एकीला वेळ नव्हता, दुसरीला पहिलीला सोडवेना. वाफेने अक्काचा चेहरा लवकर सुरकुतला. रस्त्यात दोघी चालल्या की लोक आई आणि मुलगी समजायचे, आणि अक्का मुद्दाम म्हणायची, "हो, उशिरा झाली."

आता अक्का एकोणसत्तरची. हृदय निम्म्या ताकदीवर चालतं असं डॉक्टर म्हणायचे. एक जिना चढली की दुसऱ्याच्या आधी बसायची. त्याची तिला भीती नव्हती. भीती दुसरीच होती. अलीकडे ती घड्या घातलेले कपडे हातात घेऊन खोलीच्या मधोमध उभी राहायची, कुठल्या कपाटात ठेवायचे ते आठवेपर्यंत. एकदा धाकटीने बघितलं तेव्हा म्हणाली, "कपाटंच सारखी केलीत मेल्यांनी." कपाट एकच होतं घरात.

लिफ्टमनची बायको याच गल्लीत राहायची, तेव्हा कुजबुज अक्कापर्यंत पोहोचायची ती पोहोचलीच. धाकटीला आधी कळलंच नाही. एवढंच दिसलं, की सोमवारी अक्काने वेणी घालून दिली नाही.

"अक्का, उशीर होतोय."

"माझे हात दुखतात. तुझे तरुण आहेत, तूच घाल."

चार दिवस हे चाललं. धाकटी कसाबसा एका हाताने बुचडा बांधून कामावर जायची, आणि शिंप्याने विचारलंच, "सिस्टर, आज नवीन फॅशन?" अक्का धाकटीचे कपडे वेगळे धुवायची, वेगळे वाळत घालायची. तिचा टॉवेल तर दोन बोटांनी उचलायची.

गुरुवार उजाडला. दुसऱ्या पाळीचे पेशंट गेले, शिंपी भिंत धरून धरून निघाला, आणि लिफ्टमन दारात आला. आज त्याचं नाक काचेवर नव्हतं. काहीतरी अंगाशी आल्यासारखा चेहरा होता.

"सदाफु... सिस्टर. तुमच्या अक्का वर आहेत."

"वर म्हणजे?"

"तिसऱ्याला. मीच सोडलं. म्हणाल्या तुम्हीच बोलावलंय."

ती लिफ्टची वाट न बघता जिन्याने निघाली, मग आठवलं की लिफ्टमन इथेच आहे म्हणजे लिफ्टही इथेच आहे, आणि परत फिरली.

पांढऱ्या सोफ्याच्या अगदी कडेला अक्का बसली होती, बाहेरगावी जायची साडी नेसून. पुढ्यात डॉक्टर, हातात भरलेला फॉर्म. धाकटीने तो उलटाच वाचला. पेशंटांचे कागद उलटे वाचायची तिला सवय होती. हृदयाचा त्रास: नाही. चक्कर: नाही. सध्याची औषधं: काही नाही. सही मात्र खरी होती.

"डॉक्टर, हिचं हृदय निम्मं चालतं," धाकटी म्हणाली. "दोन तासांत एवढं पाणी आतबाहेर केलंत तर ब्लडप्रेशर कोसळेल हिचं. खुर्चीतून उठायची नाही ही."

डॉक्टरने फॉर्मवरून मान वर केली. "अक्का, हे लपवायचं असतं का?"

"ती हेच सांगणार," अक्का म्हणाली. आवाज शांत होता, म्हणून जास्त लागला. "मला ठाऊक होतं. म्हणूनच न सांगता आले."

"अक्का, अगं जीव जाईल."

"आणि तुझा जात नाही तो? दर गुरुवारी तुझा टॉवेल ओला येतो. आंबूस वास असतो त्याला. तीन महिने मी धुतेय. मला वाटलं, सांगेल आज, सांगेल उद्या. एकटीने धुऊन घेतलंस. माझी आठवण नाही झाली? माझं काही विसरायला लागलं तर कोण सांभाळणार आहे, तूच ना? मग थोडं माझंही धुवायचं होतंस. मला तरुण नको करूस. नुसतं कपाट कुठलं ते आठवू दे."

डॉक्टरने फॉर्म उलटा करून मांडीवर ठेवला. "मी हे करणार नाही, अक्का. तुम्हाला झेपणार नाही."

"नका करू. दुसरीकडे करतात. तिथे हिच्या ओळखीचं कुणी नाही."

ती हे करेल यात धाकटीला शंका नव्हती. सतराव्या वर्षी इस्त्री उचलणारी बाई ती, बस पकडून कुठेही गेली असती, फॉर्मवर नाही नाही लिहिलं असतं, आणि त्या खुर्चीत एकटी पडली असती.

डॉक्टर अजिजीने म्हणाला, "बाई, तुमचं ऐकतील त्या. तुमचा अनुभव सांगा. तुम्ही किती वेळा केलंत?"

आता तिघंही तिच्याकडे बघत होते. तिसरा लिफ्टमन, लिफ्टचं दार पायाने अडवून उभा.

"चल अक्का," ती म्हणाली. "गुरुवारच आहे. खाली चल, दाखवते."

तिसऱ्या मजल्यापासून तळघरापर्यंत लिफ्टमन एक शब्द बोलला नाही. त्याच्या नोकरीतला हा पहिलाच प्रसंग असावा.

पाच नंबरचं मशीन कोपऱ्यात होतं, सगळ्यांत जुनं. तिने त्याच्या दोन नळ्या मशीनला परत जोडल्या, डब्यातलं औषध लावलं, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. मशीन आतल्या आत घुरघुरायला लागलं. तिने अक्काला खुर्चीत बसवलं, खुर्ची मागे कलती केली, पाय वर घेतले.

"सुई कुठाय?" अक्काने विचारलं. घाबरली होती, पण हात पुढे केला होता.

"सुई नाही."

तिने पिशवीतून टॉवेल काढला, दुहेरी घडी करून अक्काच्या उजव्या खांद्यावर पसरला. मशीनच्या पाठीमागून मोरीत जाणारी जाड नळी होती, या जुन्या मशीनची जरा जास्तच लांब. ती उचलून तिने टॉवेलच्या घडीत ठेवली आणि वरून टॉवेलचं टोक घेतलं. पाचेक मिनिटं काहीच झालं नाही. मग नळी तापायला लागली.

अक्काचा खांदाही इस्त्रीने गेलेलाच होता. तो आधी ताठला, आणि मग हळूहळू खाली आला.

"आंबूस वास," अक्का म्हणाली.

"मशीन धुवायचं औषध. लिंबाच्या सत्त्वासारखं असतं. नळीच्या जोडातून जरा जरा झिरपतं."

अक्काने टॉवेलची कड चिमटीत धरून बघितली. मशीन घुरघुरत राहिलं.

"रक्ताचा डाग नव्हता," ती मग म्हणाली. "टॉवेलला. एकदाही नव्हता. चौतीस वर्षं मी लोकांचे डाग ओळखले, आणि हे मला दिसलं नाही. बघ, एवढीही अक्कल उरली नाही."

"राग आला होता तुला. रागात कुणाला काय दिसतं."

"सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू? पेशंटच्या खुर्चीवर लोळते म्हणून? इनचार्जबाईंनी भिंतीवर पाटी लावलीय." धाकटी स्टुलावर टेकली. "आणि तरुण दिसते म्हणायचे सगळे. बरं वाटायचं गं."

"वेडी," अक्का म्हणाली. डोळे मिटत आले होते. थोड्या वेळाने, मिटल्या डोळ्यांनीच तिने विचारलं, "आणि माझं डोकं? ते कशाने शेकायचं?"

"ते मला माहीत नाही अक्का. वरच्यांनाही माहीत नाही. शोधतायत."

"सापडलं तर सांग."

"सांगते."

"लपवू नकोस."

अक्काला झोप लागली. तोंड जरासं उघडं, बाहेरगावची साडी चुरगळलेली. धाकटी स्टुलावरून बघत बसली. अक्का किती दमलीय हे तिला रोज दिसत होतं, पण जागी असताना अक्का ते दिसू द्यायची नाही.

काचेवर नाक आलंच.

पडदा होता दाराला. ओढता आला असता. तिने उठून दार उघडलं.

"या आत."

"नाही, मी आपला सहज..."

"सहजच या."

लिफ्टमन आत आला, खुर्चीकडे बघून त्याचे डोळे विस्फारले. आवाज एकदम खाली. "थोरल्यांचंही सुरू केलंत?"

तिने टॉवेलचं टोक वर केलं. नळी कुठून निघते, कुठून जाते आणि शेवटी मोरीत कशी उतरते, ते बोटाने दाखवलं. त्याने वाकून मोरीत वाफाळलेलं पाणी पडताना बघितलं. चेहरा उतरला बिचाऱ्याचा.

"म्हणजे नुसता शेक?"

"नुसता शेक."

"मग मी तिसऱ्या मजल्यावर काय सांगू?"

"हेच सांगा."

त्याने सांगितलं. त्याच्याइतक्या इमानाने कोण सांगणार? संध्याकाळच्या चहापर्यंत इनचार्जबाईंना कळलं. शुक्रवारी सदाफुलीला मेमो मिळाला, आणि प्लंबरने येऊन पाच नंबरची नळी हातभर कापून आखूड केली. तिसऱ्या मजल्यावरचा डॉक्टर जिन्यात भेटला की हसायचा, पण हलक्या कामाचं पुन्हा बोलला नाही. कॅन दिवसाला सोळाच राहिले. अक्का दुसऱ्या केंद्रात गेली नाही. तिने कपाटावर खडूने खूण केली, आणि शनिवारी सदाफुली वेणी घालून कामाला आली.

खरं एवढंच होतं. दर गुरुवारी मशीन आवरायची पाळी सदाफुलीची असायची. पाच नंबरचं मशीन कढत पाण्याने आतून धुवायला चाळीस मिनिटं लागायची. तेवढा वेळ ती गरम नळीने दुखरा खांदा शेकत बसायची, आणि तिला झोप लागायची. तिने स्वतःचं रक्त कधीच धुऊन घेतलं नाही.